तापीकाठचं असली वांगं

यंत्रमागांच्या खडखडाटात दिवसभर तोंड उघडून काही उपयोग नसतो. शेजारच्याला 'तंबाखू दे' म्हणायचं तरी बोंब मारावी लागते. त्यामुळे पोटात साठलेलं सगळं सुट्टीच्या दिवशी चाळीच्या ओट्यावर बाहेर पडतं. सुरतेच्या गोडादऱ्यातली आमची अख्खी चाळ अमळनेरकडच्या एकाच गावची. पंधरा वर्षांत इतके किस्से साठले की विचारू नका. त्यातले निम्मे तरी वांग्याचे!

वांग्याचे, कारण आमच्या विमलअक्का. त्यांचा नवरा नाना माझ्याच कारखान्यात मागावर. मी तिथला मिस्तरी. अक्कांचा धाकटा भाऊ राजधर मात्र गावी शेती करायचा. हिरवट, पांढऱ्या रेघांची, कमी बियांची भरिताची वांगी लावायची तर त्यानेच! अक्का हिवाळाभर ती सुरतेत आणून विकायच्या. त्यांचा एकच ध्यास होता. "अख्खं गाव सुरतमा ई गयं. मना भाऊ तरी वावरमा ऱ्हायना पाहिजे!"

आता भरीत म्हणजे वांगं कपाशीच्या वाळल्या काड्यांवरच भाजायला हवं. गॅसवर भाजलेल्याला आमच्यात आजाऱ्याचं जेवण म्हणतात. म्हणून अक्का पॅसेंजर गाडीतून वांग्यांच्या पाटीबरोबर काड्यांचा भाराही आणायच्या.

एकदा नंदुरबारच्या पुढे टीसीने अडवलं. "ये क्या है?"

"लकडी."

"सूरत में लकडी नहीं मिलती क्या?"

"मिलती है साहेब. लेकिन उसपे हमारा वांगा रूसता है!"

टीसीने कपाळाला हात लावला. पुढच्या खेपेला त्याने स्वतःसाठी दोन वांगी मागून घेतली. वर हळूच म्हणाला, "थोडी लकडी भी देना."

चाळीतले सगळ्यात मोठे जाणकार म्हणजे चिंधातात्या. एका घासात वांगं कोणाच्या वावरातलं ते सांगतो, असा त्यांचा दावा. एका रविवारी अक्कांनी सगळ्यांना जेवायला बोलावलं. तात्यांनी घास घेतला, डोळे मिटले, मान डोलावली.

"मारुतीना मांगेना वावरनं वांगं शे हाई!"

अक्का भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तात्या, वांगा ते कालदिनच सरनात. हाई दुधीनं भरीत शे!"

तात्यांनी दुसरा घास घेतला. म्हणाले, "वावर तेच शे!"

अक्कांचा माल चालतोय म्हटल्यावर बाजारातल्या एका गुजराती काकाने सुरतेजवळच्याच भेस्तानकडची वांगी आणली आणि फळ्यावर लिहिलं, 'तापीकाठची असली खानदेशी वांगी'. अक्का तडक त्याच्यासमोर उभ्या. काका शांतपणे म्हणाला, "बेन, तापी तुम्हारे गाव से ही तो यहां आती है. पानी तो एक ही है ने!"

अक्का म्हणाल्या, "काका, उस पानी में पहले हमारी भैंसें नहाती हैं, बाद में वो तुम्हारे पास आता है!"

अख्खा बाजार हसला. दुसऱ्या दिवशी फळ्यावरची तापी पुसलेली होती. 'असली' मात्र तसंच!

त्याच सुमारास पेपरात बासमतीवरून परदेशी कंपनीशी चाललेल्या भांडणाच्या बातम्या यायच्या. नाना चाळीला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे. एकदा म्हणाले, दिल्लीत आता कायदा होणार. ज्या गावचा माल, त्या गावचंच नाव. दुसऱ्याने लावलं तर गुन्हा! अक्का खूश. तेवढ्यात चिंधातात्यांनी विचारलं, "मंग आपन साड्या इनतस, त्यास्ले लोके सुरती साडी काब्र म्हनतस?"

नानांनी पेपराची घडी घातली. त्या दिवशी पुढच्या बातम्या झाल्याच नाहीत.

पण कायदा डोक्यातून जाईना. कारखान्यात कापडाच्या प्रत्येक ताक्यावर शिक्का मारतात. नानांनी गावाच्या नावाचा तसाच शिक्का बनवून घेतला आणि एका सकाळी पाटीतल्या प्रत्येक वांग्यावर मारला. जांभळ्या शाईत आमच्या गावाचं नाव! आम्हा सगळ्यांची छाती फुगली.

दुपारी पहिलंच गिऱ्हाईक भांडायला आलं. वांगं भाजलं, साल काढलं, नाव गेलं! आता पाहुण्यांना असली आहे हे दाखवायचं कसं? आठवड्याभरात भेस्तानवाल्या काकानेही शिक्का करून आणला. खोटं कशाला बोलू, त्याचा आमच्यापेक्षा सुबक होता.

आणि मग तो शेठचा दिवस.

लग्नाच्या जेवणाची कंत्राटं घेणारा एक गुजराती शेठ होता. त्याला हिवाळाभर पंगतीत खानदेशी भरीत ठेवायचं होतं. हे काम मिळालं तर राजधरच्या वावरातलं सगळं वांगं खपणार होतं. त्या वर्षी त्याने अक्कांच्या शब्दावर दुप्पट लावण केली होती, आणि भेस्तानच्या वांग्यांनी भाव पाडला होता. तो पाटी घेऊन तीन दिवस आधीच आला, तेव्हाच मला बाजूला घेऊन म्हणाला होता, "भाऊ, शेठनं जमनं नही ते सोमवारपाइन माले मागवर उभा करी दे." मी मालकाशी बोलूनही ठेवलं होतं. अक्कांना हे कळल्यावर त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

शेठ पक्का माणूस. म्हणाला, "अमारे में भी रींगण का ओळो होता है. फरक क्या है, वो दिखाओ." ओळो म्हणजे त्यांच्याकडचं वांग्याचं भरीत. त्याने अट घातली. तीन ठिकाणची वांगी, राजधरची, भेस्तानची आणि मंडईतली; भाजणार अक्काच, तेल-मिरची-शेंगदाणे सारखे. कोणती वाटी कुठली, ते फक्त त्याच्या स्वयंपाकी महाराजाला ठाऊक. आणि ओळखायची कोणी? आमच्याच गावच्या पाच जणांनी!

तात्या, नाना, मी आणि चाळीतले आणखी दोघे मांडी घालून बसलो. समोर शेठही त्याच तीन वाट्या घेऊन बसला. तात्यांनी डोळे मिटले. मीही मिटले. दुसऱ्या वाटीचा घास जिभेवर आला आणि मला घरची आठवण झाली, देवाशपथ!

"दोन नंबर!" तात्या गरजले.

"दोन नंबर!" आम्ही चौघेही एका सुरात.

महाराज खाली बघत म्हणाला, "दो नंबर भेस्तान. इनका एक नंबर है."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाचं नाव आम्ही गावच्याच पाच तोंडांनी बुडवलं होतं. राजधर उठला आणि रिकामी पाटी उचलायला लागला. शेठ हात झटकत म्हणाला, "बेन, तुम्हारे आदमी को ही पता नहीं, तो फिर..."

अक्का पदर खोचून पुढे आल्या. आमच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"शेठ, ये लोग पंधरा साल से सूरत का खा रहे हैं. इनको सूरत का ही मीठा लगेगा. इनको काहे को पूछते हो? तुम अपने सामने देखो!"

शेठने खाली पाहिलं. आम्हीही पाहिलं. दोन आणि तीन नंबरच्या वाट्या बोटभर चाखून तशाच ठेवलेल्या. एक नंबरची पुसून लख्ख!

शेठ मान वर न करताच म्हणाला, "महाराज, एक नंबर और है क्या?"

राजधरने पाटी डोक्यावर घेतली आणि माझ्याकडे वळला.

"भाऊ, सोमवारनं काम दुसराले दी टाक. माले वावरमा जानं शे!"