विहिरीवरची हडळ आणि दहा गुण

हडळीची विहीर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचीच, असं ठरवून मी रविवारी सकाळी मुलुंडहून निघाले. सोबत समीर. आम्ही दोघं एक खेळ बनवतोय: टेबलाभोवती बसून, फासे टाकत, आपल्याच भुताखेतांशी लढायचं. कार्डं लवकरच छापायला जाणार होती आणि हडळ हा आमचा हुकमाचा एक्का होता.

तुम्हाला जायचं असेल तर घाटकोपरहून मेट्रोनं वर्सोवा, तिथून रिक्षानं जेट्टी आणि होडीनं पलीकडे मढ. खर्च किरकोळ, पण सुट्टे पैसे ठेवा. चपलाच घाला, माझ्या नव्या बुटांची वाट लागली. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत असतात. वासाला नाक मुरडणाऱ्यांनी घरीच बसावं.

समीरच्या ऑफिसातल्या मैत्रिणीची मावशी, कुंदामावशी, तिथल्या एका कोळीवाड्यात राहते. तिनं आधी तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण पोटभर वाढलं, मग विहीर दाखवली. वर जाळी टाकलेली साधीच विहीर. मी हौसेनं कार्ड पुढे केलं: विहिरीच्या काठावर मोकळे केस, उलटी पावलं, हातात हिरवा चुडा, खाली गावाचं नाव.

मावशीनं कार्ड हातात घेऊन चुड्यावर बोट ठेवलं. "हिला मारल्यावर काय मिलतं गो?"

दहा गुण, मी म्हटलं.

"ही माझी आजेसासू. पहिले बालंतपणान गेली. गावाला ती हडल. आमचे घरान अविधवा नवमीला तिचे नावानं सवाष्ण जेवते, हिरवा चुडा भरते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मावशी रागावली मात्र नाही. हडळ ठेवा, पण आमची विहीर नको आणि चुडा नको, एवढंच म्हणाली.

परतीच्या होडीत समीरचं म्हणणं, तेवढं बदलू, बाकी चित्र झकास आहे.

"अरे, दुसऱ्या गावातली हडळपण कुणाची तरी आजेसासूच ना?"

घरी आल्यावर मी सगळी कार्डं पसरून बसले. मुंजा म्हणजे तरी कोण, अकाली गेलेला कुणाचा तरी मुलगाच. छपाई पुढे ढकलली. समीर कुरकुरला, पण मी हटले नाही. कुणाच्या घरचं मेलेलं माणूस मारून आमच्या खेळात गुण मिळणार नाहीत.

आता खेळात विहीर आहे, गावाचं नाव नाही. वाटलं तर आपल्या शिदोरीतली एक भाकरी तिथे ठेवायची, नाहीतर तसंच पुढे जायचं. परवा घरीच खेळून पाहिलं, तर समीर विहिरीपाशी थांबला. भाकरी त्याच्याकडे शेवटचीच होती.

"ठेवून काय मिळतं?"

"काही नाही."

त्यानं ठेवली.