एक लांब, दोन आखूड

दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी दुपारी साडेतीन वाजता खालापूर तालुक्यातल्या एका लहान कारखान्यात, तिथेच जोडलेल्या पहिल्या कॉम्प्युटरचे बटण दाबले गेले. पंखा फिरला. पुढचा दिवा लागला. आतून तीन आवाज आले, एक लांब आणि दोन आखूड. पडदा काळा राहिला. चार वाजता वर्क्स मॅनेजरांनी जाहीर केले की दोष सोल्डरिंगचा आहे. तोपर्यंत कॉम्प्युटरचे झाकण कोणीही उघडून पाहिले नव्हते.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. कारखाना कर्जत-खोपोली रस्त्यापासून थोडा आत, भातखाचरांना लागून होता. तिथे व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि टीव्हीचे बूस्टर बनत. लांब टेबलांवर वीस-बावीस बायका सोल्डरिंग करत, म्हणजे वितळवलेल्या कथलाचा डाग देऊन बारीक सुटे भाग बोर्डावर पक्के बसवत. मी तिथे स्टोअर सांभाळत होतो. वर्तमानपत्रात आलो तो नंतर.

सोल्डरिंगचा दोष म्हणजे भिंगमावशींचा दोष, असे त्या कारखान्यात समजले जाई. त्यांचे नाव द्वारकाबाई. राहणार कडावच्या. घड्याळजी डोळ्याला लावतात तसले भिंग त्यांनी चष्म्याच्या जुन्या फ्रेमला दोऱ्याने बांधून घेतले होते, आणि ते काळ्या गोफाने गळ्यात अडकवलेले असे. टेबलावरून उतरलेला प्रत्येक बोर्ड त्यांच्याकडे जाई. त्या तो खिडकीकडे तिरपा धरत, भिंगातून एकेक डाग बघत आणि मगच कोपऱ्यात लाल रंगाचा ठिपका देत. ठिपक्याशिवाय बोर्ड माझ्या स्टोअरमध्ये येत नसे. नीट बसलेला डाग चकाकतो, कच्चा डाग राखाडी आणि खरबरीत दिसतो. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. त्या टेबलावरच्या मुलींना सांगत, "डाग हसला पायजे गं. रुसलेला डाग आज चालंल, उद्या पावसात सोडून जाईल." माथेरानच्या पायथ्याच्या ठाकरवाडीतून येणारी सुगंधा घाईत काम करी. तिचा बोर्ड हातात आला की मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारत, "सुगंधे, ह्यो डाग हाय का कावळा बसून गेला?" सुगंधाही सोडत नसे. "कावळ्याला भिंग लावून बघा की मावशी."

मावशींच्या अंबाड्यात एक बांबूची काडी खोचलेली असे. घरामागच्या बेटातला बांबू तासून त्यांनी ती केली होती. बोर्डावर चिकटलेला कचरा काढायला, दोन तारा वेगळ्या करायला तीच काडी. कारखान्याने दिलेला चिमटा त्यांनी कधी वापरला नाही. "लोखंड आत घालायचं आनि मंग करंट लागला म्हनून बोंबलायचं," असे त्यांचे चिमट्याबद्दलचे मत होते.

बिघडलेला माल परत आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे: "शेवटचा हात कुनाचा?" नवीन मुली हा प्रश्न ऐकून घाबरत. एकदा सुगंधा उत्तर देईना, खाली मान घालून उभी राहिली. मावशी म्हणाल्या, "आगं, तुला मारायला नाय ईचारत. हात कळला की जागा कळते." तो बोर्ड सुगंधाने शेवटी पुसला होता, आणि पुसताना एक तार कापडाच्या धाग्यात अडकून सुटली होती. ती जागा मिळायला दोन मिनिटे लागली. मॅनेजरही हाच प्रश्न विचारत. त्यांना जागा नको असे, नाव हवे असे.

मावशी त्या कारखान्यात आठ वर्षे होत्या. कागदोपत्री मात्र त्या दर काही महिन्यांनी कामावरून कमी होत, चार-पाच दिवस घरी बसत आणि पुन्हा नव्याने लागत. टेबलावरच्या सगळ्याच बायकांचे असे चाले. या खंडामुळे कोणी कायम होत नसे, आणि कायम नसल्यामुळे भरपगारी रजा नसे. त्या वर्षी शेठने सांगितले होते की पहिला कॉम्प्युटर पाहुण्यांना दाखवला की दिवाळीला पाच बायकांना कायम करू. यादी टाइप झाली होती. पहिले नाव मावशींचे होते. मी ते वाचले होते. मावशी टेबलावर सांगत, "मला एकदा कायम करा. मंग मी दोन दिस आजारी पडनार हाय. आठ वरसांचं साठलंय."

कॉम्प्युटरचा मुख्य बोर्ड, पेटी आणि हिरव्या अक्षरांचा स्क्रीन मुंबईहून आणला होता. पडद्यावर चित्र पाठवणारे कार्ड मात्र नमुना समोर ठेवून आमच्याच टेबलावर जोडले होते. त्यावर लाल ठिपका होता. शनिवारी अकराला मुंबईच्या एका कंपनीचे तीन पाहुणे मशीन बघायला येणार होते. अशा वेळी, शुक्रवारी चार वाजता, मॅनेजर टेबलापाशी आले.

"द्वारकाबाई, ठिपका तुमचा आहे ना?"

"माजाच हाय सायेब."

"मग कार्ड का चालत नाही?"

"कार्ड चालत नाय आसं कुनी सांगितलं?"

"पडदा काळा आहे. दिसत नाही का तुम्हाला? नुसतं भिंग घालून फिरता?"

"दिसतोय की. पन त्यो आतून वरडतोय. मेलेला वरडत नाय सायेब."

टेबलावर दोघीतिघी हसल्या. मॅनेजर हसले नाहीत. "सगळं कार्ड पुन्हा सोल्डर करा. उद्या नऊला मी येईन तेव्हा पडदा लागला नसेल, तर यादीतलं पहिलं नाव मी स्वतः खोडीन." एवढे बोलून ते जीपने निघून गेले. पाहुण्यांचा शनिवारचा मुक्काम माथेरानला होता, आणि खोल्या बघायच्या राहिल्या होत्या.

मावशींनी कार्ड पुन्हा सोल्डर केले नाही. पेटीचे झाकण उघडून, ते काढून त्यांनी खिडकीपाशी नेले, दोन्ही बाजूंनी एकेक डाग पाहिला आणि म्हणाल्या, "चांगल्या डागाला पुन्ना चटका दिला तर त्यो बिघडतो. मंग खरंच माजा दोष व्हईल." नंतर त्यांनी कार्ड न लावताच बटण दाबायला सांगितले. पुन्हा एक लांब, दोन आखूड.

"मावशी, कार्ड नसताना बी तसाच वरडतो!" सुगंधा म्हणाली.

"आयकलं. म्हंजे दोनच गोष्टी. एक तर आपलं कार्ड मेलंय, नायतर बोर्ड त्याच्याकडं बघतच नाय."

या दोहोंतले खरे कोणते, हे ठरवायला चालते हे नक्की माहीत असलेले दुसरे कार्ड हवे होते. ते म्हणजे नमुन्याचे कार्ड, आणि ते माझ्या स्टोअरच्या कपाटात होते. मावशी स्टोअरच्या खिडकीशी आल्या.

"भाऊ, नमुना द्या."

"साहेबांची सही लागते, मावशी."

"सायेब माथेरानला. सही आनायला घोडा करू का?"

मी नमुना दिला. रजिस्टरमध्ये वेळ लिहिली, चार पन्नास. सहीचा रकाना मोकळा ठेवला.

नमुन्याचे कार्ड लावून बटण दाबले. एक लांब, दोन आखूड. पडदा काळा. दोन कार्डे, त्यातले एक मुंबईत चालवून पाहिलेले, आणि ओरडणे तेच. कार्डाचा प्रश्न तिथे संपला. मावशींनी वायर भिंतीतून काढायला लावली, स्टूल ओढले आणि विचारले, "शेवटचा हात कुनाचा?"

सगळ्यांनी मिळून आठवले. मंगळवारी मुंबईचा इंजिनीअर आला होता. त्याने स्वतःचा रंगीत स्क्रीन आणि त्याचे कार्ड आणले होते. त्यावर मुख्य बोर्ड चालवून दाखवला आणि दोन्ही वस्तू परत नेल्या. त्यानंतर बोर्डाला कोणी हात लावला नव्हता. आमचे कार्ड नुसते खाचेत बसवले होते. मावशी त्या दिवशी बोर्डांचा ट्रे घेऊन त्याच्या मागे उभ्या होत्या.

"चालू करायच्या आदी त्यानं पेनानं कायतरी ढकललं व्हतं," त्या म्हणाल्या. "टक करून आवाज झाला. एकदाच."

त्यांनी भिंग डोळ्याला लावले आणि झाकण काढलेल्या पेटीत मान घातली. बोर्डाच्या एका कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढ्या आठ पांढऱ्या खटक्यांची एक रांग होती. सात खटके स्वच्छ होते. एकावर बॉलपेनच्या निळ्या शाईचा टिपका होता. मावशींनी अंबाड्यातली काडी काढली आणि तो खटका उलट बाजूला ढकलला. आमचे कार्ड परत बसवले. "घाला वायर."

एकच आखूड आवाज झाला. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवे आकडे उमटले आणि वाढत गेले. सुगंधा टाळ्या वाजवू लागली. "आगो बाय, ह्यो तर मोजतोय!" मावशी म्हणाल्या, "मोजू दे. कायतरी येतंय ना त्याला." पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. नमुना मी कपाटात परत ठेवला आणि रजिस्टरमध्ये तशी नोंद केली.

शनिवारी नऊला मॅनेजर आले. काय झाले ते मी त्यांना सांगितले. त्यांनी टेबलाचा खण उघडला आणि आतून एक चिठ्ठी काढली. ती त्या इंजिनीअरची होती. तिच्यावर खटक्यांच्या रांगेचे चित्र होते, आणि खाली लिहिले होते की तुमचा हिरवा स्क्रीन लावण्याआधी हा खटका फिरवा. चिठ्ठी मंगळवारपासून खणात होती. मॅनेजरांनी ती घडी घालून खिशात ठेवली.

अकराला पाहुणे आले. बायकांनी टेबल सोडून उठायचे नाही, असे बजावण्यात आले होते. मॅनेजरांनी पाहुण्यांना समजावून सांगितले की कॉम्प्युटर आवाजावरून आपला रोग सांगतो. काल असाच अडला होता, पण आम्ही इथल्या इथे तो शोधून काढला. पाहुण्यांनी "वा" म्हटले. शेठने आणि मॅनेजरांनी मशीनच्या दोन बाजूंना उभे राहून फोटो काढून घेतला. दुपारी सगळे माथेरानला गेले.

सोमवारी मावशींना नोटीस मिळाली. विनापरवानगी किमती यंत्र उघडणे आणि सहीविना नमुना नेणे, असे दोन आरोप होते. नमुना नेला त्यांनी, दिला मी. मला तोंडी समज मिळाली, तीही चहाबरोबर. मी शेठकडे गेलो, चिठ्ठीची हकीकत सांगितली. ते म्हणाले, "तुम्ही तुमचं स्टोअर बघा." मी स्टोअर बघितले. त्यापुढे मी काहीही केले नाही.

मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या, पण नोटिशीचा जबाब त्यांनी मला लिहायला सांगितला. "आसं लिवा. झाकन मी उगडलं. बंद व्हतं ते चालू झालं. दोनी गोष्टी खऱ्या हायत. खाली सही मी करते."

"माफी मागतो, असं लिहू का शेवटी? यादी अजून लागलेली नाही."

"कशाची माफी, भाऊ?"

त्यांनी खरोखरच उत्तरासाठी विचारले होते. मी माफीची ओळ न लिहिता कागद सहीसाठी पुढे केला. जबाब तसाच गेला. त्यावर ऑफिसने काहीही कळवले नाही. दिवाळीला पाच नावांची यादी लागली. पहिले नाव ऑफिसात टायपिंग करणाऱ्या, त्या वर्षीच लागलेल्या एका बाईचे होते.

पुढच्या महिन्यात सोल्डरिंगच्या खोलीत भिंतीवर टाइप केलेला एक कागद लागला. कॉम्प्युटर चालू होऊन पडदा लागला नाही तर काय करावे, हे त्यात होते. आवाज ऐकावा. कार्ड काढून पुन्हा ऐकावा. नमुन्याचे कार्ड लावून पाहावे. शेवटी कोणी काय हलवले ते विचारावे, खटके तपासावेत. फेरसोल्डर करू नये. क्रम तोच होता, एकही पायरी पुढेमागे नव्हती. खाली वर्क्स मॅनेजरांची सही होती. सुगंधाने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला. मावशी बोर्ड तिरपा धरून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "बरं लिवलंय. पोरींच्या कामाला येईल."

त्यांनी आणखी तीन वर्षे ठिपके दिले. त्या काळात कारखान्यातून बरेच कॉम्प्युटर गेले, आणि प्रत्येकातल्या कार्डावर त्यांचा ठिपका होता. खंडही नेमाने पडत राहिले. मग कारखाना दुसरीकडे हलला आणि टेबलावरच्या जुन्या बायकांना घेतले नाही. तोपर्यंत मी कर्जतला वर्तमानपत्राचे काम करू लागलो होतो. एके दिवशी दुपारी मावशी कडावच्या एसटीने उतरून माझ्याकडे आल्या. दहिवलीला नवीन सुरू झालेल्या एका वर्कशॉपमध्ये बोर्ड तपासायला माणूस हवा होता, आणि तिथे अनुभवाचा दाखला मागितला होता. कारखान्याने दिलेला दाखला इंग्रजीत होता. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

"वाचा भाऊ. अकरा वरसांचं काय लिवलंय बगू."

दाखल्यावर नावाखाली दोन ओळी होत्या. मी त्या मराठीत सांगितल्या. कामाचे स्वरूप: मदतनीस, अकुशल. सेवेचा काळ: चार महिने, अकरा दिवस.