एक तास मागे

वाढदिवस या प्रकाराचा मला तरुणपणापासून राग आहे आणि त्याला कारणही आहे. माझा एकविसावा वाढदिवस झालाच नाही. कुणी विसरलं असं नव्हे, तो दिवसच उगवला नाही.

अमेरिकेहून गहू भरून आमचं जहाज पॅसिफिक ओलांडत पश्चिमेला निघालं होतं. पश्चिमेला जाताना दर एक-दोन दिवसांनी संध्याकाळी घड्याळ एक तास मागे करायचं असतं. पण समुद्राच्या मध्यावर एक रेषा आहे. ती नकाशात असते, पाण्यात दिसत नाही. ती ओलांडली की मागे घेतलेल्या तासांच्या बदल्यात एक अख्खी तारीख गाळावी लागते. अकरा तारखेला फळ्यावर सूचना लागली, उद्या तेरा. माझा जन्म बारा तारखेचा.

मी इंजिनात तेलपाणी बघायचो. नाशिकजवळच्या फुलमळ्यातून थेट जहाजावर गेलेला पोरगा. जहाजाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, कळवणकडचा होता, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. गाववाला म्हणून त्याने माझ्यासाठी आदल्या दिवशीच केक करून ठेवला होता. "आता ह्यो कवा कापायचा?" त्याने सगळ्यांसमोर विचारलं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. तेरा तारखेला तो केक चहाबरोबर संपला.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघंही निवृत्त होऊन नाशकात टेकलो. त्याने इंदिरानगरला तळमजल्याचं घर घेतलं, मी दोन गल्ल्या सोडून. तिसरा एक होता, डेकवरचा खलाशी, सातपूरला मुलाकडे राहायचा. सकाळी दहाला तो बसने यायचा आणि भंडाऱ्याच्या ओट्यावर आमची बैठक भरायची. वहिनी चहा आणून द्यायच्या आणि तोंड फिरवून आत जायच्या, कारण आमच्या गोष्टी त्यांना पाठ होत्या. डेकवाल्याचा अठरावा वाढदिवस बोट लागल्यामुळे बादलीत तोंड घालून गेला होता. भंडाऱ्याला अठरावं दोनदा लागलं होतं. शाळेत घालताना मास्तरांनी त्याचं वय दोन वर्षांनी वाढवून लिहिलं होतं, त्यामुळे एकदा कागदावर आणि एकदा हाडांनी. "दोन्ही बारी कांदेच सोलत व्हतो," तो म्हणायचा. आणि माझी गोष्ट तर रोजचीच. एक वाढदिवस समुद्रात पडला, म्हणून तिघांत मी तरुण. गुडघा धरून उठायला लागलो की डेकवाला म्हणणार, "सावकाश रे, पोराला अजून एकविसावं लागायचंय."

म्हातारपणाची चेष्टा करण्यात आमचा हात कुणी धरला नसता. दात पडला की नांगर सुटला. ऐकू येईनासं झालं की इंजिनाचा प्रसाद. आणि कुणी काही विसरलं की, "याने रेषा ओलांडली, याची तारीख गळली." ही शेवटची चेष्टा माझी. आज आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कारण भंडारी विसरायला लागला होता. चहात साखर घातली की नाही ते विसरायचा, एकच गोष्ट तासाभरात तीनदा सांगायचा, आणि आम्ही हसायचो. तोही हसायचा. मग त्याने एक नवीनच सुरू केलं. दिवेलागणीला खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ उतरवायचं, मागची चावी फिरवायची आणि काटे एक तास मागे करून पुन्हा टांगायचं. आम्हाला वाटलं, काय झकास कल्पना काढली पठ्ठ्याने! डेकवाल्याने तर त्याला सलाम ठोकला. असंच मागे करत राहा, म्हणाला, म्हणजे यमाची बस चुकेल. एकदा संध्याकाळी मी तिथे होतो, तर त्याला पोचेना म्हणून मीच स्टुलावर चढून घड्याळ काढून दिलं.

एके दिवशी वहिनींनी मला फाटकाशी गाठलं. "भाऊजी, ह्यांना जरा समजावा. रोज घड्याळ मागे करतात. मी पुढे केलं की चिडतात, अंगावर येतात. मला भीती वाटते."

मी म्हणालो, "वहिनी, नवरा तरुण होतोय, तुमचं काय बिघडलं?"

त्या हसल्या नाहीत. फाटकाची कडी लावून आत गेल्या. मी मात्र आपण काय फक्कड बोललो म्हणून घरापर्यंत खूश होतो.

त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी तो हरवला. सकाळी दूध आणायला म्हणून निघाला आणि दुपारी सातपूरच्या एका कारखान्याच्या फाटकाशी सापडला. पहिली पाळी सुटून बाहेर येणाऱ्या कामगारांना तो विचारत होता, जहाज कुठल्या धक्क्याला लागलंय. त्यांतल्याच एकाने त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर बघून फोन केला. ती चिठ्ठी वहिनींनी खिशात शिवून ठेवली होती. म्हणजे त्यांना कधीच कळलं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, "इतके दिवस तुमच्या कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" डेकवाला जमिनीकडे बघत राहिला. चेष्टा करत होतो, असं कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढे त्याने आम्हाला ओळखणंही सोडलं. डेकवाल्याला ते सोसेना, त्याचं येणं बंद झालं. मी जात राहिलो. प्रेमाने जायचो असं म्हणायला मला आवडेल, पण खरं म्हणजे अपराधी वाटायचं म्हणून जायचो.

असाच एकदा गेलो, तेव्हा वहिनी मागे कपडे वाळत घालत होत्या. घड्याळाला त्याला हात लावू द्यायचा नाही, असं मी त्यांना कबूल केलं होतं. मी आत गेलो तर तो घड्याळ मांडीवर घेऊन बसलेला. चावी त्याच्याकडून फिरत नव्हती.

"कशाला मागे करता?" मी विचारलं. तो मला अहो-जाहो करायचा, म्हणून मीही करायला लागलो होतो.

"पोरासाठी हो, साहेब," तो हळूच म्हणाला. "इंजिनात एक पोरगं हाय, आमच्या नाशिककडचं. त्याचा वाढदिवस गळतोय. समद्यांसमोर हसलं, अन् मंग पिठाच्या पोत्यांमागं बसून लय रडलं. म्हणलं, कुणाला सांगू नको. तुम्ही बी नका सांगू. मी रोज एक तास मागं घेतो. चोवीस झाले की त्याचा आख्खा दिस निघतो."

मी रडलो होतो. ते मी उभ्या जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. आणि त्यानेही नाही. ओट्यावर इतकी वर्षं माझ्या त्या वाढदिवसाची चेष्टा चालली, त्याने एकदाही हे बाहेर काढलं नाही.

"किती झाले?" मी विचारलं.

तो बोटं मोजायला लागला. सातापर्यंत आला, अडला, पुन्हा एकपासून सुरू केलं. पुन्हा अडला. त्याचे डोळे भरून आले.

मी त्याच्या मांडीवरून घड्याळ घेतलं, चावी फिरवली, काटे एक तास मागे आणले आणि घड्याळ भिंतीला लावलं.

"झाले चोवीस," मी म्हणालो.

त्याने दोन्ही हात धोतराला पुसले, जहाजावर केक काढण्याआधी पुसायचा तसे.

"मंग बोलवा की त्याला," तो म्हणाला, आणि माझ्या मागे दाराकडे बघत राहिला.