निबंधातली आई

बारावीचा गणिताचा पेपर होता आणि मी पर्यवेक्षणावर असल्यामुळे माझा फोन ऑफिसात जमा होता. पेपर सुटल्यावर हातात घेतला, तर प्रज्ञाचे बरेच फोन येऊन गेलेले आणि खाली एक मेसेज... ‘आई गेली. दुपारपर्यंत दुसरबीडला आणतो. मावशी, कोणाले रडायला बोलावू नका.’ मी तो मेसेज व्हरांड्यात उभी राहून वाचला. शेजारून पोरं उत्तरं जुळवत चालली होती. आजारपण मोठं होतं, जालन्याच्या दवाखान्यातून काय बातमी येणार हे आम्हाला ठाऊक होतं. तरी कुसुमताई गेल्या म्हणून नव्हे, तर त्या शेवटच्या वाक्यामुळे मी खाली बसले. ते वाक्य प्रज्ञानं लिहिलं होतं, पण आवाज सगळा तिच्या आईचा होता.

कुसुमताई इंगळे आमच्या दुसरबीडच्या कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवत. मी भूगोल. त्या माझ्याहून वयानं मोठ्या, म्हणून मी त्यांना ताई म्हणायची, त्या मला नुसतं शोभा. प्रज्ञा पाळण्यात असताना नवरा अपघातात गेला, तेव्हापासून मायलेकी फाट्यामागच्या दोन खोल्यांत राहत. स्टाफरूममध्ये कोणी त्यांच्याशेजारी फार वेळ बसत नसे. त्या उगीच कोणाला चांगलं म्हणत नसत, आणि वाईट म्हणायचं असलं तर थांबत नसत.

रविवारचा वर्ग त्यांनी कसा सुरू केला ते सांगायला हवं. दक्षिणेतल्या एका मोठ्या खाजगी विद्यापीठाची पूर्ण शिष्यवृत्ती आमच्या पोरांना मिळू शकते, हे कोणीतरी शोधून काढलं. पण नुसत्या मार्कांवर भागत नव्हतं. त्यांना एक निबंध हवा होता, इंग्रजीत, स्वतःबद्दल. आमची पोरं पाचवीपासून निबंध लिहीत आलेली, पण ते ‘माझी शाळा’ आणि ‘माझा आवडता नेता’ असले, गाइडमधून पाठ केलेले. स्वतःबद्दल कोणी कधी विचारलंच नव्हतं. कुसुमताईंनी एक सगळा उन्हाळा असे निबंध वाचण्यात घालवला, आणि जूनपासून साखरखेर्ड्यापासून सिंदखेडराजापर्यंतची पोरं दर रविवारी त्यांच्या बाहेरच्या खोलीत येऊ लागली.

पहिले काही रविवार त्या पेन धरू देत नसत. नुसतं बोलायचं. पोरं आपापल्या आयुष्यातलं काहीबाही सांगायची आणि त्या एकेक उडवत जायच्या. हे तर तुझ्या शेजाऱ्याचंही आहे, हे तू ऐकलेलं आहेस, हे तू सिनेमात पाहिलंस. उरेल त्यातला एकच प्रसंग घ्यायचा, त्यातली एकच दुपार. फळ्यावर त्या आराखडा काढत... काय घडलं, तू काय केलंस, त्यानं तुझ्यात काय बदललं. मधला भाग सगळ्यात मोठा ठेवायचा. सुरुवातीला प्रस्तावना नको, वाचणाऱ्याला थेट त्या दुपारी नेऊन उभं करायचं. शेवटी शिकवण नको. आणि सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर जे सांगायची लाज वाटते तिथून करायची.

ऐकायला हे सगळं शहाणपणाचं वाटतं. प्रत्यक्षात ते कसं व्हायचं ते मी सविताच्या वेळी पाहिलं. सविता साखरखेर्ड्याची. विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून तिचे वडील गेले होते. तिनं लिहिलं होतं की बाबांच्या जाण्यानं मी खंबीर झाले. कुसुमताईंनी तिला उभं केलं.

“बाप मेला, हे कळलं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी तू काय केलं?”

सविता रडायला लागली. बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या. मी पाण्याचा पेला घेऊन उठले, तर कुसुमताईंनी हातानं मला बस म्हणून सांगितलं. त्या तशाच वाट पाहत राहिल्या, बसची पाहावी तशी. शेवटी त्या पोरीनं सांगितलं... घर माणसांनी भरलं होतं, तिला भूक लागली होती, कोणी जेवणाचं नाव घेत नव्हतं. ती गोठ्यात गेली, भाकरी-गूळ लपून खाल्ला, चूळ भरली आणि परत येऊन सगळ्यांत मोठ्यानं रडली.

“हां,” कुसुमताई म्हणाल्या. “आता भाकरीपासून सुरू कर.”

सविताला प्रवेश मिळाला. ती पुन्हा कधी कुसुमताईंच्या दारात आली नाही, त्या गेल्यावर मातीलाही नाही. भाकरीच्या त्या रविवारी, पोरं गेल्यावर, मी त्यांना म्हटलं होतं की ताई, हा कसाईपणा आहे. त्यांना राग आला नाही. निबंध वाचणाऱ्यांसमोर गरीब पोरांचा ढीग पडलेला असतो, त्यांना गरिबी दाखवून काय मिळणार, त्यांना माणूस दिसला पाहिजे, असं काहीसं त्या म्हणाल्या आणि उरलेले कागद पुढे ओढले.

प्रज्ञा बारावीला आली तेव्हा तिनं कोणता प्रसंग निवडला असेल, हे मला विचारावं लागलं नाही. त्या प्रसंगाला मी होते. ती आठवीत असताना तालुक्याच्या निबंधस्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता. पाहुण्यांच्या हस्ते कप मिळाला आणि निबंध वाचून दाखवायला सांगितलं. दुसरा परिच्छेद होईपर्यंत माझ्या शेजारच्या कुसुमताई उठल्या. मी त्यांचा पदर धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. भरल्या मंडपात त्या म्हणाल्या की हा निबंध गाइडमधला आहे, हिला बक्षीस देता येणार नाही. प्रज्ञानं कप परत टेबलावर ठेवला. पुढं दहावीपर्यंत शाळेतली पोरं तिला ‘गाइड’ म्हणूनच हाक मारायची.

बारावीतला तो निबंध लिहून झाला त्या दिवशी मी त्यांच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसले होते. प्रज्ञानं कागद आणून आईपुढे धरले. कुसुमताईंनी कणकेचे हात धुतले, पुसले, आणि उभ्या उभ्याच वाचलं. सुरुवात चुकली, असं त्यांनी सांगितलं. कप परत केला ते तर सगळ्या गावानं पाहिलं.

“ऑटोतलं काऊन नाही लिहिलं?”

ऑटोत काय झालं ते मला माहीत नव्हतं. कुसुमताईंनीच मला सांगितलं, भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तशा आवाजात. परत येताना पोरगी रडत होती. ती थांबेना, म्हणून त्यांनी गावाच्या अलीकडे ऑटो थांबवून तिला उतरवलं, रडणं संपलं की चालत घरी ये म्हणून सांगितलं आणि स्वतः पुढं निघून आल्या. दिवेलागणीला पोरगी घरी पोचली.

“सगळ्यात जोर त्यातच हाय,” त्या प्रज्ञाला म्हणाल्या. “तेच सोडून दिलं तू.”

मग त्या शेवटाकडे आल्या. शेवटी प्रज्ञानं लिहिलं होतं की त्या दिवशी आईचं बरोबर होतं, तिच्यामुळे मी खरं बोलायला शिकले, आज मी तिची ऋणी आहे.

“हे तुले वाटते?”

“नाही.”

“मग कोणासाठी लिहिलं?”

तव्यावरची पोळी करपली, ती मीच उचलली. मग प्रज्ञा हळूच म्हणाली, “तुह्यासाठी.”

मला वाटलं, आता तरी ही बाई पोरीच्या डोक्यावर हात ठेवील. कुसुमताईंनी पेन घेतलं आणि त्या परिच्छेदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. “तुले ॲडमिशन काही मी देणार नाही,” त्या म्हणाल्या. “जे वाटते ते लिही.”

दुसऱ्या दिवशी नवीन कागद आले. निबंध आता ऑटोपासून सुरू होत होता, आणि शेवटचं वाक्य होतं, ‘मी तिला अजून माफ केलेलं नाही.’ कुसुमताईंनी एक स्वल्पविराम बदलला आणि म्हणाल्या, “झाला.”

निबंध चांगलाच होता. प्रज्ञाला पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, ती गेली. वर्षभरानं विद्यापीठानं तो आपल्या वेबसाइटवर नमुना म्हणून टाकला. कोणीतरी त्याचं मराठी करून व्हॉट्सॲपवर फिरवलं, आणि तो बुलढाण्यापर्यंत पोचला. बाजारात बाया कुसुमताईंना पाहून एकमेकींना कोपर मारू लागल्या. काही पालकांनी रविवारी पोरं पाठवणं बंद केलं. तो काढून टाकायला सांगा, असं प्राचार्यांनी सुचवलं, तर कुसुमताईंनी त्यांनाच विचारलं, त्यात खोटं काय आहे? उलट पुढच्या वर्षीच्या पोरांना त्या तोच निबंध शिकवू लागल्या. राग नेमका कोणत्या वाक्याला येतो, आधीच्या वाक्यात त्याची तयारी कशी केली आहे, शेवट मोजका का आहे, हे खडू हातात घेऊन समजावून सांगत. एका रविवारी धामणगाव बढ्याहून आलेल्या एका नव्या मुलीनं विचारलं की मॅडम, ही आई जिवंत आहे का अजून? “हाय,” कुसुमताई म्हणाल्या आणि फळा पुसायला वळल्या. त्या दिवशी फळा पुसायला त्यांना फार वेळ लागला, एवढंच मी सांगू शकते.

मायलेकींचं बोलणं बंद नव्हतं. प्रज्ञा शिकली, तिकडेच नोकरीला लागली, काही लिहिलं की आईकडे पाठवायची. आई चुका काढून परत पाठवायची. जेवलीस का, कशी आहेस, हे दोघींपैकी कोणी लिहीत नसे.

आजार कळल्यावर मात्र प्रज्ञा रजा घेऊन आली आणि दवाखान्यात आईजवळ राहिली. आईचं सगळं तिनं केलं, तोंड वाकडं न करता, आणि तोंड गोडही न करता. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा कुसुमताईंचा चेहरा ओळखू येत नव्हता. प्रज्ञा त्यांचे केस विंचरत होती. मध्येच त्यांनी तिचा हात थांबवला.

“अजून माफ नाही केलं ना?”

मी प्रज्ञाकडे पाहिलं. मनातल्या मनात मी तिला विनवत होते... खोटं का होईना, म्हण बाई.

“नाही,” प्रज्ञा म्हणाली.

कुसुमताईंनी डोळे मिटले. “मग निबंध अजून खरा हाय,” त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात काय होतं हे मला आजही नक्की सांगता येत नाही. समाधान होतं असं मी कोणाला सांगितलं, तर ते मीच घातलेलं असेल. प्रज्ञानं केस विंचरून संपवले, वेणी घातली आणि बाहेर जाऊन जिन्यात बसली. मी गेले तेव्हा तिनं तोंडात ओढणी कोंबली होती.

अंत्यविधीनंतर कॉलेजनं श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. मजकूर आमच्या सहकाऱ्यांनी तयार केला होता... प्रेमळ, मायाळू, विद्यार्थ्यांची माउली. दुकानात प्रज्ञाबरोबर मी गेले. तिनं स्क्रीनवर तो वाचला आणि दुकानदाराला सगळा पुसायला लावला. मग कीबोर्ड स्वतःकडे ओढला. एक ओळ लिहिली, पुसली. दुसरी लिहिली, पुसली. दुकानदार चहा पिऊन आला. ती स्क्रीनकडे बघत बसली होती, बोटं तशीच ठेवून... शेवटी तो अदबीनं म्हणाला की ताई, फोटोखाली बरीच जागा मोकळी राहून राह्यली, काहीतरी टाका.

“राहू द्या,” प्रज्ञा म्हणाली.

फ्लेक्स अजून फाट्यावर आहे. वर फोटो, फोटोखाली ‘कुसुम इंगळे’, आणि त्याखाली हातभर पांढरी जागा. बसची वाट पाहणारे लोक मला विचारतात, इथलं काही छापायचं राहिलं का. मी नाही म्हणते.