गजभियेबाईंचं जुनं नागपूर

गजभियेबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं ते जुम्मा तलावाच्या काठावर, एका रविवारी सकाळी. डोक्यावर काळी छत्री, पायांत रबरी चपला, आणि हातातल्या कागदाच्या तुकड्यावरून त्या मोठ्यानं काहीतरी वाचत होत्या. मध्येच थांबत, जमिनीवरची सावली न्याहाळत, दोन पावलं मागे सरकत आणि पुन्हा वाचू लागत. मी नागपुरात नवीन होते. दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताची शिक्षिका म्हणून रुजू व्हायचं होतं. ही बाई डोक्यानं जरा सैल असावी असं ठरवून मी लांबूनच काढता पाय घेतला. सोमवारी स्टाफरूममध्ये शिरले, तर तीच बाई टेबलाशी बसून रंगाच्या बशा पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "काल तलावावर तूच होती नं वं? अशी काहून पळाली? मी का चावते?"

त्या आमच्या शाळेत चित्रकला शिकवत. वर्गात त्यांची मराठी अगदी कडक इस्त्रीची असे, आणि स्टाफरूमच्या उंबऱ्याशी ती त्या चपलांसारखी काढून ठेवत. तलावावर त्यांच्या हातात होतं ते जुनं पिक्चर पोस्टकार्ड. पुढच्या बाजूला इंग्रजांच्या काळातलं नागपूर, म्हणजे सीताबर्डीचा किल्ला, महाराजबाग, असलं काहीतरी; आणि मागे कुणीतरी कुणाला तरी लिहिलेल्या चार ओळी. गांधीबागेतला एक रद्दीवाला सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्यांची रद्दी उचलायचा. तो बाईंसाठी अशी कार्डं बाजूला काढून ठेवी.

बाईंची एक रीत होती. कार्ड मिळालं की त्यातली सावली पाहून त्या वेळ ठरवत, ऋतूसुद्धा ठरवत, आणि नेमक्या त्या वेळेला त्या जागी जाऊन मागचा मजकूर मोठ्यानं वाचत. हिवाळ्यातल्या सावलीचं कार्ड वैशाखात हाती आलं, तर दिवाळीपर्यंत त्याला हात लावत नसत. "अहो, मी कोन मोजून देते की," असं मी एकदा थट्टेनं म्हणाले. त्यावर म्हणाल्या, "तुह्या कोनानं थंडी वाजते का? लिवणाऱ्यानं इथं उभं राहून लिवलं. मंग वाचणाऱ्यानं घरात पलंगावर बसून काहून वाचाव?"

हळूहळू मीही रविवारी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. खरं तर माझा स्वभाव असल्या गोष्टींचा नाही. पण त्या वाचू लागल्या की मला आपोआप गप्प व्हावंसं वाटे. मजकूर साधेच असत. 'ताप उतरला. छत्री तिकडेच राहिली, ती पाठव.' 'बदली झाली, मांजर इथेच ठेवून येतो आहे, मुलीला आत्ताच सांगू नकोस.' 'इथला तलाव आपल्या गावच्या तळ्याहून मोठा आहे, पण आपलंच बरं.' इंग्रजी असलं तर बाई आधी इंग्रजीतून वाचत, मग मराठीतून सांगत. पाण्यावर कोवळं ऊन असे, रस्त्यावरच्या रिक्षा आणि सिनेमाचे फलक कुठेतरी मागे राहत, आणि ती कुणाची कोण मुलगी, तिला मांजराचं कधी कळलं असेल, या विचारात मी घरापर्यंत चालत येई. आज बाई नाहीत, मीही नागपूर सोडलं, तरी त्या मुलीची मला अधूनमधून आठवण होते.

वाचून झालं की बाई पिशवीतून भिंग काढत आणि फोटोतली माणसं पाहत. रस्त्याकडेचा टांगेवाला, डोक्यावर ओझं घेतलेला कुणी, झाडाखाली बसलेले दोघे. एकदा मी विचारलं, एवढं काय शोधता?

"बाबाले शोधून राहिली," त्या म्हणाल्या. खडू शोधते आहे म्हणावं, इतक्या साधेपणानं.

त्यांचे वडील गिरणीत कामाला होते. बाई पाळण्यात असतानाच ते गेले. त्यांचा एकही फोटो नव्हता. "आमचा फोटो कोण काढे वं तवा? पण शहराचे तं काढत होते नं लोक? चालता चालता कुठी तरी मागं आला असंन." ओळखू शकणारं माणूस जगात एकच उरलं होतं, त्यांची माय. इंदोऱ्यातल्या त्यांच्या घरी त्या दोघीच राहत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मायची बाज. प्रत्येक नवं कार्ड आधी मायच्या हातात जाई. ती ते खिडकीशी धरून निरखी आणि परत देई. "नाई वं यमे, हा तं दुसराच कोनी."

मग मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. भांडी चाचपून ओळखायची वेळ आली. आणि नेमकं तेव्हाच रद्दीवाल्यानं बाईंच्या हातावर गिरणीचं कार्ड ठेवलं.

फाटक उघडलेलं, पाळी सुटलेली, आणि कामगारांची एक रांगच्या रांग फोटोवाल्याकडे पाहत उभी. वरच्या मजल्यावरच्या एका खिडकीवर शाईची फुली. मागे इंग्रजीत लिहिलं होतं: 'फुली केली ती माझी कचेरी. उकाडा फार. आंबे अजून आले नाहीत.' बाईंनी ते दोनदा वाचलं. "खिडकी दाखवली त्यानं, खालची माणसं नाई," एवढंच म्हणाल्या. त्या दिवशी त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय काढता येत नाही, थांबा. त्या काळी तसंच असे. बाईंनी कार्ड तसबिरीमागे ठेवून दिलं आणि मायला त्याबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. रविवारचं फिरणंही बंद केलं. उन्हाळ्यात मायला तापानं धरलं, तेव्हा बाई शाळेच्या नळाशी ब्रश धूत उभ्या होत्या, पाणी वाहून चाललं होतं. मला म्हणाल्या, "डोळा पिकतपर्यंत माय टिकली पाह्यजे वं. ती गेली तं बाबा अजून एकदा जाते." मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत.

माय टिकली. थंडीत ऑपरेशन झालं, जाड भिंगांचा चष्मा आला. त्या दुपारी बाईंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. मायनं चष्मा लावून आधी लेकीकडे पाहिलं. "लय वाळली वं," म्हणाली. मग बाईंनी कार्ड तिच्या हातात दिलं.

माय ते खिडकीशी धरून बसली. तिचं बोट रांगेवरून सरकू लागलं. "हा दौलत. हा सखाराम, याची बायको माह्यासंगं पानी भरे. हा पोट्टा गाने लय म्हने." एकेका चेहऱ्याला नाव मिळत होतं. बोट रांगेच्या शेवटापर्यंत गेलं, परत पहिल्यापाशी आलं.

"अन् बाबा?" बाईंनी विचारलं.

"नाई. यात नाई तो. हे सारे सकाळपाळीचे होत. तुह्या बापाची पाळी दुपारची."

आपण आलो नसतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मायची नजर मात्र कार्डावरून हटली नव्हती. थोड्या वेळानं ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "नाक मातर असंच. दौलतसारखं. जरासं बसकं."

बाईंनी मान वर केली. "कपाळ?"

"कपाळ सखारामचं. पन इतलं मोठं नाई."

बाईंनी शाळेच्या पिशवीतून कागद आणि पेन्सिल ओढून काढली आणि जमिनीवरच बसकण मारली. हनुवटी रांगेतल्या तिसऱ्या माणसाची, कान त्या गाणाऱ्या पोराचे, फेटा कोणाचाच नाही, कारण तो फेटा बांधत नसे, टोपी घाले. "मिशी कमी कर. आनखी कमी. हसवू नको त्याले, तो हसे कमी." बाई खोडत होत्या, पुन्हा काढत होत्या, माय चष्म्यातून वाकून पाहत होती आणि मुलीला रागे भरत होती. खिडकीतलं ऊन बाजेवरून भिंतीवर चढलं. चहा मीच चुलीवर ठेवला, आणि तो कुणीच प्यायलं नाही.

शेवटी बाईंनी कागद उचलून मायच्या समोर धरला. माय बराच वेळ पाहत राहिली. या वेळी चूक काढली नाही. परकं माणूस घरात बसलेलं असताना घरधनी अचानक दारात यावा आणि बायकोनं पदर घ्यावा, तसा तिनं तो हळूच डोक्यावर ओढून घेतला.