नाव घेतलं की गुण जातो

रेश्माला राग लवकर येतो, हे पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत सगळ्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन आली तेव्हा लोक म्हणाले, नवी सून तिखट आहे, हळूहळू रुळेल. ती काही रुळली नाही. पुढे ती आशाताई झाली, गरोदर बायकांना लोहाच्या गोळ्या आणि पोरांना डोस द्यायला वाडीवाडी फिरू लागली, तेव्हा तो राग कामालाच आला. ताप अंगावर काढणाऱ्या म्हाताऱ्याला ती अशी झापायची की तो निमूट सरकारी दवाखान्याची वाट धरायचा.

आणि नेमकं तिच्याच पोटात हे दुखणं निघालं. आधी वर्षभर सगळे म्हणत होते, अपचन आहे, जंत आहेत, काळजी करतेस म्हणून होतं. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात दुर्बीण घातली आणि नाव कळलं. क्रोन्स. आतड्याला आतून जखमा होतात, औषधानं दबतात, पुन्हा उसळतात आणि जन्मभर पाठ सोडत नाहीत. नवरा विनीत घाटकोपरला लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. तो रिपोर्ट हातात धरून म्हणाला, "टेन्शन नको घेऊ, ट्रीटमेंट हाय ना." टेन्शन घ्यायला तो वाडीत राहणार नव्हता.

या आजारात माणसाला सगळ्यात जास्त काय लागतं, तर जवळ संडास. आता चढ चढून वाड्या फिरणाऱ्या बाईनं तो कुठून आणायचा? कोणाच्या संडासाला कडी आहे, कुठे दाराला नुसती गोणी लावलीय, कुठे सरकारी अनुदानाच्या संडासात सरपण रचून ठेवलंय, हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. लोकांना वाटायचं, ताई स्वच्छतेची तपासणी करतात. तिला त्याचाही राग यायचा.

घरात सासू होती, रंगूबाई. आणि रंगूबाई म्हणजे साधी असामी नव्हे. सगळ्या खोऱ्याची कावीळ ती उतरवायची. पोटाच्या जुनाट दुखण्यालाही तिची तीच मुळी. शनिवारी संध्याकाळी झाडाला अक्षता टाकून आवतण द्यायचं, रविवारी उजाडायच्या आत मुळी खणायची, मागं वळून बघायचं नाही, आणि ताकात उगाळून द्यायची. पैसा घ्यायचा नाही. बरं वाटलं तर देवीला नारळ. मुळी पोटात असताना इंग्रजी गोळी चालत नाही. आणि सगळ्यात मोठं बंधन म्हणजे झाडाचं नाव तोंडातून काढायचं नाही. नाव घेतलं की हातचा गुण जातो. तिच्या सासूनं मरताना तिच्या कानात ते नाव सांगितलं होतं, त्याआधी नाही.

अशा बाईची सून महिन्याच्या महिन्याला महाडला जाऊन गोळ्या आणते, हे लोकांना पचेना. रावजी म्हणजे विनीतचे चुलते, दिवसभर पारावर बसून गावाची काळजी वाहणारे. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणायचे, दिव्याखाली अंधार तो हाच. रंगूबाई मात्र एका शब्दानं बोलली नव्हती. ती म्हणायची, ज्याला घ्यायचंय त्यानं मागावं, मी कोणाच्या तोंडात घालत नाय. हे न बोलणं रेश्माला बोलण्यापेक्षा जास्त टोचायचं.

यंदा गणपती उठले आणि दुखणं उसळलं. रक्त पडायला लागलं, खाल्लेलं टिकेना. महाडच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या वाढवल्या आणि जोडीला दुसरी एक रोजची गोळी सुरू केली. दुखणं दबायच्या आधी तिचा चेहराच पुरीसारखा फुगला. बायका म्हणाल्या, ताई, तब्येत सुधारली हो तुमची. विनीत रोज फोनवर कोणा ना कोणा बाबाचा व्हिडिओ पाठवायचा, कधी गव्हांकुराचा रस, कधी कोरफड. तिनं त्याला सांगितलं, की तो रस आधी तू पी, आणि फोन ठेवून दिला.

मग एक दिवस वरच्या वाडीहून उतरताना वाटेतच तिचं लुगडं भरलं. जवळ घर नव्हतं, आडोसा नव्हता. ओढ्यात बसून तिनं ते धुतलं आणि तसंच ओलं नेसून घरी आली. सगळ्या खोऱ्याला औषधं वाटणारी बाई ती, आणि तिच्यावर ही वेळ. तिला गोळ्यांचा राग आला, डॉक्टरांचा आला, विनीतचा आला, स्वतःच्या आतड्याचा आला. पडवीत सासू तांदूळ निवडत बसली होती. तिच्यासमोर उभी राहून रेश्मा म्हणाली, "द्या तुमची मुळी."

रंगूबाईनं सूप खाली ठेवलं. "गोळ्या सोडशील?"

"सोडल्या."

सोडल्या नव्हत्या. स्टिरॉइड एकदम तोडलं तर जिवावर बेतू शकतं, हे तिला शिकवलेलं होतं आणि ती ते इतरांना सांगत फिरायची. तिनं गोळ्यांच्या पट्ट्या आशाताईच्या पिशवीत तळाशी सरकवल्या आणि वाटेत पाण्याबरोबर गिळायला लागली. सकाळी सासूसमोर ताकातली मुळी, दुपारी झाडाखाली गोळ्या. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही घेतेस का, तर नाही म्हणाली. दोन्ही डगरींवर हात ठेवला की माणूस मधे पडतो, ही म्हण तिनं स्वतः कितीदा दुसऱ्यांना ऐकवली असेल.

पोट खरोखर आवरलं. रंगूबाई न राहवून शेजारणीला म्हणाली, की सुनेला गुण आला. डॉक्टर म्हणाले, बघ, गोळ्या लागू पडल्या. रेश्मा दोघांकडे बघून हसली. काय वाईट होतं? दोघंही खूश, आणि तिला रात्री झोप लागत होती.

दिवाळीनंतर एका सकाळी ती अंगणात केस विंचरत होती. रंगूबाईनं तिला हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं आणि डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. मग नखं पाहिली. खोऱ्यातली कावीळ ओळखणारी बाई ती, तिला चाचणी लागत नव्हती. ती जोत्यावर बसली आणि म्हणाली, उद्यापासून मुळी दोनदा घ्यायची.

 रेश्मा कपडे बदलून लगेच खाली हमरस्त्यावर उतरली. कशेडी घाटाकडून येणाऱ्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत तिनं सहाआसनी रिक्षा गाठली, आणि ती महाडला पोचली. चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीतल्या दवाखान्यात रक्त तपासलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं, आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचाही आवाज चढला. आशाताई आहेस ना तू, एवढंच ते म्हणाले. तेवढं पुरे होतं.

मग त्यांनी समजावलं. स्टिरॉइडच्या जोडीची तिची रोजची गोळीसुद्धा कधी कधी यकृताला बाधते. मुळीही बाधू शकते. तूर्त ती गोळी आणि मुळी दोन्ही बंद. पण पुढे काय? दोष गोळीचा असेल तर ती कायमची सोडायची, मग मुंबईची महागडी इंजेक्शनं, नाहीतर आतडं कापायचं. दोष मुळीचा असेल तर गोळी पुन्हा हळूहळू चालू करता येईल. "ती मुळी कशाची आहे ते मला कळलं पाहिजे," ते म्हणाले. "अंदाजानं मी तुझ्या आतड्याशी खेळणार नाही."

परतीच्या वाटेवर ती मनात भांडणच रचत होती. घरी आल्यावर रचलेलं काहीच आठवलं नाही.

"मला झाडाचं नाव पायजे, आई."

"नाव नाय देत गो. नाव घेतलं की गुण जातो."

"माझी कावीळ तुमच्या मुळीनं आलीय."

"माझ्या मुळीनं कावीळ जाते. येत नाय." रंगूबाईचा आवाजही आता वर गेला होता. "तू म्हणालीस गोळ्या सोडल्या. माझ्या तोंडावर म्हणालीस. मुळीवर गोळी खाल्लीस आणि दोष मुळीला?"

हे खरं होतं. आणि खरं ऐकलं की तिचा राग दुप्पट व्हायचा. तिनं विचारलं, की खोऱ्यात मिरवायचा तुमचा गुण मोठा की माझा जीव मोठा. रंगूबाई म्हणाली, मी कधी मिरवलं ते सांग. हेही खरंच होतं.

"मरताना सांगणारच ना कोणाला तरी?" रेश्मा म्हणाली. "कोणाला सांगणार होतात?"

"तुलाच."

"मग मी आधी मेले तर?"

रंगूबाई उठून आत गेली. चुलीशी काहीतरी आदळल्याचा आवाज आला. संध्याकाळी विनीतचा फोन आला, आईनंच शेजारच्या पोरीकडून त्याला फोन लावून सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "आईला फोर्स नको करू, तिची सगळी इज्जत त्याच्यावर हाय." रेश्मानं त्याला विचारलं, की माझ्या आतड्याला इज्जत नाही का. तो म्हणाला, तसं नाही, तू शांत हो. तिनं फोन बंद केला आणि दोन दिवस चालूच केला नाही. त्या दोन दिवसांत घरात सासू-सून भांड्यांशी बोलत होत्या, एकमेकींशी नाही.

तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्त तपासायला जायचं होतं. रेश्मा रस्त्यावर येऊन उभी राहिली, तर मागून रंगूबाई उतरत होती. धुतलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. कुठे निघालात, असं रेश्मानं विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही. सहाआसनीत दोघी समोरासमोर बसल्या, महाड येईपर्यंत गुडघ्याला गुडघा लागत होता.

दवाखान्यात बाहेर बाकावर माणसं बसलेली. आतल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. रंगूबाई डॉक्टरांसमोर उभीच राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नाव घेतलं.

डॉक्टरांना कळलं नाही. ते कोल्हापूरकडचे, इथल्या झाडांची इथली नावं त्यांना कुठून कळणार? ते म्हणाले, काय म्हणालात? तिनं पुन्हा घेतलं. त्यांनी कंपाउंडरला हाक मारून विचारलं, सदू, हे काय रे? सदूनं पडद्याआडून विचारलं, काय काय? तिसऱ्यांदा ती मोठ्यानं म्हणाली. बाकावरच्या माणसांनी ऐकलं. सासूकडून कानात घेतलेलं नाव तिनं भर दवाखान्यात तीनदा घेतलं. मग पिशवीतून पाल्यासकट मुळी काढून टेबलावर ठेवली.

ते नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या कोणीतरी कुदळ घेऊन ओढ्यावर जाईल, आणि लोकांना तेवढंच पाहिजे असतं.

रेश्मानं पाला पाहिला आणि तिची कानशिलं तापली. ते झाड तिच्या न्हाणीमागं उगवायचं. दर श्रावणात तण म्हणून ती ते उपटून टाकायची, आणि रंगूबाई बघत असायची आणि काही बोलायची नाही. यासाठी? या रानटी गवतासाठी दोन दिवस जीव टांगणीला? तिला तिथंच ओरडावंसं वाटलं. सासूकडे वळली तर रंगूबाई दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती, जणू ते हात आता कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं. रेश्मानं खुर्ची तिच्याकडे सरकवली.

डॉक्टरांनी फोटो काढून मुंबईला कोणाला तरी पाठवला. उत्तर आलं, की हे यकृताला जड जाणारं झाड आहे. मुळीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, ते म्हणाले, पण आता काय बंद ठेवायचं ते कळलं. डोळ्यांचा पिवळेपणा उतरायला थंडी संपावी लागली. मग गोळी पुन्हा चालू झाली, अगदी थोड्या मात्रेनं, दर पंधरवड्याला रक्त तपासून. या वेळी पिवळेपणा आला नाही.

गावात बातमी सहाआसनीच्या आधी पोचली होती. रावजींनी पारावर निकाल दिला, सुनेनं सासूचा गुण घालवला. जी माणसं रेश्माच्या हातून पोरांना डोस पाजून घेत होती, त्यांनीच माना डोलावल्या. हे ऐकून ती पदर खोचून पाराकडे निघाली होती. रंगूबाई तिच्या आधी पोचली. ती म्हणाली, "तिनं नाय घालवला. माझा होता, मी दिला." एवढं बोलून ती मागं फिरली. 

होळीच्या सुमारास पाचाडहून एक माणूस भावाला घेऊन आला. भाऊ पिवळाधमक झालेला. गुण गेल्याचं त्या माणसाला माहीत नव्हतं. तो अंगणात नारळ घेऊन उभा राहिला आणि रंगूबाईची मुळी द्या म्हणाला. रंगूबाईनं सवयीनं भावाची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली. मग हात लुगड्याला पुसले आणि म्हणाली, "माझ्या हातात काय राहिलं नाय बाबा. महाडला ने, आजच ने." तो माणूस हात जोडत राहिला. त्याला वाटलं, बाई नाराज आहे. रेश्माला त्याच्या अंगावर ओरडावंसं वाटत होतं, की अरे जा ना, रक्त तपास, वेळ कशाला घालवतोस.  शेवटी तिनं रस्त्यापर्यंत जाऊन दोघांना गाडीत बसवून दिलं.

परत आली तर दुपार झाली होती. रंगूबाई पडवीत बसली होती, समोर पेजेचा वाडगा, पाण्याचा तांब्या आणि गोळ्यांची पट्टी. गोळ्या आता पिशवीच्या तळाशी राहत नव्हत्या, भिंतीतल्या देवळीत असायच्या. रंगूबाईनं पट्टीतून एक गोळी काढली, तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिली.

"हिचं नाव काय गो?"

रेश्मानं सांगितलं. लांबलचक इंग्रजी नाव. रंगूबाईनं ते म्हणून पाहिलं, अर्ध्यातच अडखळली, पुन्हा म्हणाली.

"आणि हिचं नाव घेतलं तर गुण जात नाय ना?"

"नाय."

"मग घे," म्हणाली आणि गोळी तिच्या हातावर ठेवली.