भासऱ्यासमोरची साक्ष

माझी मावसबहीण अचलपूरजवळ झेंडू पिकवते. तिच्या नवऱ्याने हयातीत खोदलेल्या विहिरीवर त्याच्या मृत्यूनंतर थोरल्या दिराने, आमच्याकडच्या शब्दात भासऱ्याने, हक्क सांगितला. पाणी गेले तर बाग जाणार होती. म्हणून तिने अचलपूरच्या न्यायालयात दावा लावला.

आमच्याकडे भावसून, म्हणजे धाकट्या भावाची बायको, भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, आणि भासराही तिच्याशी थेट बोलत नाही. उलटतपासणीच्या दिवशी तो मुद्दाम पहिल्या बाकावर येऊन बसला. "विहीर कोणी खोदली?" असे त्याच्या वकिलाने तीनदा विचारले. बहिणीने पदर हनुवटीपर्यंत ओढला आणि मान खाली घातली. "साक्षीदार उत्तर देत नाही," अशी नोंद झाली. तिथे ती हरली, नंतर अमरावतीच्या जिल्हा न्यायालयातही हरली.

नागपूरच्या खंडपीठात दुसरे अपील गेले, तेव्हा मी शाळेत मुलांना शिकवत असे, तसे तिला समजावले. साक्षी पहिल्या न्यायालयात होतात. जिल्हा न्यायालय त्या पुन्हा तपासते. खंडपीठ मात्र घडले काय हे सहसा विचारत नाही; कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उरला आहे का, एवढेच पाहते.

ती म्हणाली, "पण दादा, आता मी बोलतो न! आता मले त्याचा धाक नाई."

सुनावणीपूर्वी उपाहारगृहात भासरा आमच्याच टेबलाशी आला. बशीत चहा ओतत तो माझ्याशी बोलला, तिच्याकडे न पाहता.

"मास्तर, विहीर माह्या भावानंच खोदली. मी कवा नाई म्हटलं? पण तुमच्या बहिणीची वाचा तवा बसली होती. आता कावून फुटून राहिली?"

"हे तुम्ही न्यायाधीशांसमोर सांगाल?"

"मले कोण इचारते?" तो हसला. "तुमाले तरी कोण इचारते? चहा घ्या, थंडा होते."

मी धावत जाऊन आमच्या वकिलांना सांगितले. ते कागद चाळत म्हणाले, "सर, साक्षीची वेळ केव्हाच गेली."

प्रकरण पुकारले गेले. वकील चार वाक्ये बोलले असतील. तेवढ्यात मागच्या रांगेतून बहीण उभी राहिली, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, आणि मोठ्याने म्हणाली, "साहेब, विहीर माह्या मालकानं खोदली!" न्यायाधीशांनी मान वर केली. "बाई, हे पुराव्यात आलेले नाही. बसा," असे ते सौम्यपणे म्हणाले. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न उरलेला नाही, म्हणून अपील दाखल करून न घेताच फेटाळले गेले.

परतीच्या बसमध्ये तिने विचारले, "याच्या वर कोन्तं कोर्ट हाय?"

"दिल्लीत."

"तिथं मले इचारतीन?"

"नाही," मी म्हणालो. चुकीचे उत्तर मला देता येत नाही.

दुसऱ्या दिवशी भासऱ्याने तिच्या वाफ्यांकडे जाणारा पाइप कापला. झेंडू कळीवर होता.